'तुरळक' म्हणजे थोडा पाऊस नव्हे!

पावसाळा लागला की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी हवामानाची बातमी कान देऊन ऐकली जाते. 'रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता.' ऐकणारा म्हणतो, "तुरळकच आहे, काही होत नाही!" आणि माणसे ओढ्यापलीकडे लावणीला निघतात.

येथेच फसगत होते. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत. तो किती जागी पडेल ते सांगतात. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडला तर 'तुरळक', 26 ते 50 टक्के म्हणजे 'काही ठिकाणी'. 'अति मुसळधार' मात्र 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. जेथे पडेल तेथे भरपूर पडेल आणि ते ठिकाण आपलेच गाव असू शकते.

आम्ही कचेरीतली माणसे दिवसभर 'बघू', 'होईल बहुतेक' असे बोलतो. समोरचा माणूस त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ घेऊन घरी जातो. जाणकारही याला अपवाद नाहीत. 1951 साली अमेरिकेच्या एका गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे, असे लिहिले होते. ते लिहिणाऱ्यांनाच शेर्मन केंट यांनी विचारले, शंभरात किती? उत्तरे वीसपासून ऐंशीपर्यंत आली!

याउलट जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ, 3 जूनला, ताशी 100 ते 110 किलोमीटर वाऱ्यासह, असा इशारा आधीच मिळाला होता. जागा, दिवस आणि जोर तिन्ही कळल्यामुळे किनाऱ्यावरील हजारो माणसे वेळीच हलवता आली. बागा गेल्या, घरांची छपरे उडाली. पण पुष्कळ जीव वाचले.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. बातमी ऐकताना घरातल्या प्रत्येकाने तीन गोष्टी विचाराव्यात: कोठे, केव्हा, किती? इशाऱ्याचा रंगही पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना तो अर्थ शेजाऱ्यांनी समजावून सांगावा. 'शक्यता' हा शब्द ऐकून निर्धास्त झोपू नये. तो सावध करण्यासाठीच उच्चारलेला असतो.