‘गाडीवर आहेस का?’ फोन लावणाऱ्यानं आधी एवढं विचारा

सकाळी दूध संस्थेत दूध घालून माणूस घरी निघतो. गाडीला मोकळे कॅन अडकवलेले. वाटेत खिशातला फोन वाजतो. गाडी न थांबवता एका हातानं फोन काढायचा, मान वाकडी करून तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरायचा किंवा हेल्मेटमध्ये खुपसायचा आणि बोलत बोलत पुढं जायचं. करवीर, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यात जा, हे रोजचंच चित्र आहे. फोनवरचं बोलणं तरी काय असतं? “येताना मिरची आण”, “मोटर चालू केली का?”, “कुठवर आलास?”

फोन उचलणाऱ्याला सगळेच नावं ठेवतात. पण तो फोन लावतं कोण? बऱ्याच वेळा घरचीच माणसं. आत्ता तो गाडीवर असणार हे ज्यांना पक्कं माहीत असतं, तीच. म्हणून ही गोष्ट फक्त गाडी चालवणाऱ्याची नाही, घरी बसून फोन लावणाऱ्याचीही आहे.

पाच सेकंदांत काय होतं?

साधा हिशोब आहे. ताशी ४० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी एका सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. कुणाचा फोन आहे हे बघायला नजर पाच सेकंद खाली गेली, तर गाडी ५५ मीटर पुढं गेलेली असते. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे अशी चार मैदानं आपण न बघता पार केली. वेग ६० असेल तर हेच अंतर ८३ मीटर होतं. आपल्या रस्त्यावर एवढ्या अंतरात काहीही आडवं येतं. खड्डा, म्हैस, शाळेतनं सुटलेली पोरं, नाहीतर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली.

हेडफोन घातला तर चालतं का?

“मी फोन हातात धरतच नाही, कानात हेडफोन असतो,” असं तरुण पोरं सांगतात. हात मोकळा राहतो हे खरं, पण लक्ष मोकळं राहत नाही. उधारीचा वाद चालू असेल तर डोळे रस्त्यावर आणि डोकं उधारीत, अशी गत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हेडफोन किंवा ब्लूटूथवर बोलणं त्यापेक्षा फारसं सुरक्षित नाही. त्यात दोन्ही कान बंद असले की मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही.

गळीत हंगामात धोका आणखी वाढतो. ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं चालू, मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि मुकादम, स्लिप बॉय, मालक असे तिघंही ड्रायव्हरला फोन लावत असतात. भरलेल्या ट्रॉल्या ब्रेक दाबला की जागेवर थांबत नाहीत. असा ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं लक्ष क्षणभर जरी उडालं, तरी त्याची किंमत समोरच्या दुचाकीवाल्याला मोजावी लागते.

कायदा काय सांगतो?

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. कलम १८४ प्रमाणे मोबाईल हातात धरून गाडी चालवणं आता धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १० हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता बघण्यासाठी, म्हणजे मॅपसाठी, मोबाईल वापरायला परवानगी आहे. तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनंच. मॅप लावायचा तर निघण्याआधी लावा आणि फोन स्टँडला अडकवा.

ई-चलन गाडीच्या नंबरवर निघतं. पोरगं वडिलांची गाडी घेऊन गेलं, तर मेसेज वडिलांच्या फोनवर येतो.

मग तातडीचा फोन आला तर?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो बरोबर आहे. घरात कुणी आजारी असतं, कुणाची सून बाळंतपणाला आलेली असते. त्यावर सोपा उपाय आहे. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतं. ते चालू केलं की फोन वाजत नाही. त्यातच ‘रिपीट कॉलर्स’ नावाचा पर्याय असतो. तो चालू ठेवला की एकाच नंबरवरनं थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला, तर तो वाजतो. घरच्यांना सांगून ठेवा: साधं काम असेल तर एकदाच लावा, तातडीचं असेल तर लगेच पुन्हा लावा. दुसऱ्यांदा वाजला की समजायचं, गाडी बाजूला घ्यायची वेळ आली.

गाडी थांबवायची तीही नीट जागा बघून. वळणावर, पुलावर किंवा डांबराच्या कडेला नको. पेट्रोल पंप, एसटीचा थांबा, ढाब्यासमोरची मोकळी जागा बघा, गाडी पूर्ण रस्त्याखाली घ्या आणि मगच बोला.

अपघात दिसला तर

मोबाईल जीव वाचवतोही. रस्त्यात अपघात दिसला तर व्हिडिओ काढत उभं राहू नका. आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, पोलिसांसाठी ११२ लावा. गावाचं नाव, जवळची खूण आणि जखमी किती आहेत हे सांगा. “पोलिसांचं लचांड मागं लागेल” या भीतीनं कुणी पुढं येत नाही. पण मदत करणाऱ्याला कलम १३४-अ प्रमाणे संरक्षण आहे आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. घरच्यांना ती बातमी ग्रुपवरनं कळू नये.

फोन लावणाऱ्याचं काम

घरातल्या माणसानं फोन लावला की पहिला प्रश्न एकच ठेवावा, “गाडीवर आहेस का?” समोरून “होय” आलं की “मग ठेव, पोचल्यावर लाव” एवढंच म्हणून फोन बंद करावा. मिरची, मोटर, उधारी सगळं अर्धा तास थांबतं. मुकादमानं आणि मालकानंही ड्रायव्हरशी असंच वागावं. आणि गाडी चालवणाऱ्यानं निघताना घरी सांगून जावं, “आता तासभर फोन लावू नका.” माणूस सुखरूप घरी आला की मग काय बोलायचं ते बोला.