पडद्यावरचा नकाशा : ७ – टेप लावण्याआधी

गेल्या आठवड्यात पीडीएफ नकाशावर शेरे कसे मारायचे आणि बदललेल्या जागेभोवती ढग कसा काढायचा ते पाहिलं. आज मोजमाप. ब्लूबीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीच्या चार कोपऱ्यांवर क्लिक केलं की क्षेत्रफळ हजर, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. ते दशांश बघूनच आपण निर्धास्त होतो.

सॉफ्टवेअरला भिंत कळत नाही, पान कळतं. पानावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जागेवर किती, हे त्याला आपण सांगायचं असतं. १:१०० च्या नकाशात तो १ मीटर. आता ए१ आकाराचा नकाशा कुणी ए३ वर छापून, स्कॅन करून पाठवला आणि आपण १:१०० च धरलं, तर लांबी निम्मी आणि क्षेत्रफळ पाव भरतं. पण ही चूक लपत नाही. दीड मीटर रुंदीचा हॉल शिकाऊ पोरालाही खटकतो.

घात करते ती बारीक चूक. पीडीएफ काढताना ‘फिट टू पेज’ तसंच राहिलं की नकाशा जरासा आक्रसतो. माझ्याकडे एकदा असाच तीन टक्के आक्रसलेला नकाशा आला. कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं होतं, मी तेच घातलं. लांबीत तीन टक्के घट म्हणजे क्षेत्रफळात जवळपास सहा. १०,००० चौरस फूट फरशी ९,४०९ भरली. तुटफुटीचे पाच टक्के धरूनही ऑर्डर ९,८८० वर थांबली. शेवटच्या खोल्यांना टाईल्स पुरल्या नाहीत. नवा लॉट मागवला तर शेड जुळेना. खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा होता. मालकाने ते पहिल्याच फेरीत ओळखलं.

म्हणून कोपऱ्यातल्या स्केलवर भिस्त ठेवू नका. नकाशावर आकडा लिहिलेलं लांबात लांब माप शोधा, शक्यतो दोन टोकांच्या कॉलममधलं, आणि त्यावरून कॅलिब्रेट करा. छोट्या मापावर क्लिक किंचित हुकला तरी फरक मोठा पडतो. मग आडव्या दिशेचं एक माप आणि उभ्या दिशेचं एक माप पडताळा, कारण स्कॅन केलेला नकाशा कधी कधी एकाच बाजूला ताणला जातो. त्याच शीटवर जिन्याचा तपशील १:२० मध्ये असेल, तर तेवढ्या चौकटीला वेगळं स्केल द्यायला विसरू नका.

आणि हे सगळं क्वांटिटी काढण्यापुरतंच. आर्किटेक्ट नकाशावर ‘डू नॉट स्केल’ लिहितात, ते पीडीएफलाही लागू आहे. लाइनआउट करताना लिहिलेलाच आकडा धरायचा; तो नसेल तर आर्किटेक्टला विचारायचं, पडद्यावर मोजायचं नाही.

पुढच्या भागात जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून बदल शोधू. आपल्या चालू कामाच्या आर१ आणि आर२ फायली तयार ठेवा.