४३०, पार्क अ‍ॅव्हेन्यू : एका शोरूमची आठवण

गाडीसाठी नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची, हे दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. फियाट नाही तर अ‍ॅम्बेसेडर. रंग कोणता मिळेल तो आपला! शोरूममध्ये जायचं ते गाडी बघायला नव्हे, तर आपला नंबर कुठवर आला ते विचारायला. त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक शोरूम असं होतं, की गाडी घ्यायची ऐपत नसलेली माणसंही तिथं काचेपाशी थबकत. आत एका मोठ्या गोल चकतीवर चकचकीत स्पोर्ट्‌स गाड्या संथपणे फिरत असायच्या आणि त्यांच्याभोवती एक उतरण वळसा घेत वर चढलेली असायची.

न्यूयॉर्कमधला पत्ता ४३०, पार्क अ‍ॅव्हेन्यू. शोरूमचा मालक मॅक्स हॉफमन. आणि ते सजवणारा फ्रँक लॉइड राइट! विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वास्तुशिल्पींपैकी एकानं मोटारींचं दुकान का सजवावं, हे समजून घ्यायचं तर आधी हॉफमनची ओळख करून घ्यायला हवी.

हॉफमनचा जन्म १९०४चा, व्हिएन्नाचा. तरुणपणी तो शर्यतीत उतरायचा, पुढे गाड्या विकू लागला. हिटलरची छाया ऑस्ट्रियावर पडली तेव्हा ज्यू वंशाच्या हॉफमननं पॅरिस गाठलं आणि तिथून १९४१मध्ये न्यूयॉर्क. युद्धाच्या काळात परदेशी मोटारी विकत कोण घेणार? पण हा गडी स्वस्थ बसणारा नव्हता. प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा दिलेले खोटे दागिने विकून त्यानं पैसा उभा केला. युद्ध संपल्यावर १९४७मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये पहिलं शोरूम थाटलं. सुरुवातीला तिथं मांडायला त्याच्याकडे एकच गाडी होती, फ्रान्सची दलाए. बायकांच्या कानातल्या खोट्या डुलांमधून जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांचा व्यापार उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

पोर्शेचा किस्सा तर मोटारवेड्यांमध्ये आजही सांगितला जातो. अमेरिकेत वर्षाला पाच गाड्या खपल्या तरी खूप झालं, असं फेरी पोर्शेंचं म्हणणं. हॉफमननं ऐकवलं, की आठवड्याला पाच विकता येणार नसतील तर मला या धंद्यात रसच नाही. पोकळ बढाई नव्हती ती. काही वर्षांतच पोर्शेच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा त्याच्या हातून अमेरिकेत जाऊ लागला. मग त्यानं आणखी एक हट्ट धरला : टप उघडा, सजावट कमी, किंमत तीन हजार डॉलरच्या आत. त्यातून १९५४मध्ये ‘स्पीडस्टर’ आली.

हॉफमनचं खरं वेगळेपण हे, की कारखान्यातून येईल ते विकणारा दुकानदार तो नव्हता. काय बनवायचं ते तो कारखान्यालाच सांगायचा. मर्सिडीजनं १९५२मध्ये ‘३०० एसएल’ ही शर्यतीची गाडी बनवली होती आणि तिनं फ्रान्समधली ल मांची शर्यत जिंकलीही होती. हॉफमननं कंपनीच्या मागे लकडा लावला, की हिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती काढा, विकायची जबाबदारी माझी. फेब्रुवारी १९५४मध्ये ती गाडी लोकांसमोर आली, आणि तीही जर्मनीत नव्हे, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात. दारं बाजूला न उघडता वर उचलली जायची, जणू सीगल पक्ष्यानं पंख पसरले! तो शोभेचा प्रकार नव्हता. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा होता, ती जाळी दोन्ही बाजूंनी बरीच वर आलेली, त्यामुळे नेहमीच्या दारांना जागाच उरली नव्हती. आत बसायचं तर तो उंच काठ ओलांडायचा आणि आधी स्टिअरिंग कलतं करून घ्यायचं. साडी नेसून या गाडीत बसणं म्हणजे कसरतच! पंखवाल्या अशा १,४०० गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेतच गेल्या. आज एकेक दहा लाख डॉलरच्याही वर विकली जाते.

गंमत बघा. याच १९५४मध्ये आपल्याकडे टेल्कोनं मर्सिडीजशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. न्यूयॉर्कमध्ये तो तीन टोकांचा तारा लक्षाधीशांच्या गाडीवर झळकत होता आणि आपल्या घाटांमधून तोच तारा नाकावर मिरवत कांद्या-बटाट्याचे ट्रक धापा टाकत चढत होते. मर्सिडीजच्या मोटारी पुण्यात जुळू लागायला मात्र १९९५ उजाडावं लागलं.

हॉफमनचे सगळेच आडाखे बरोबर ठरले असं नाही. फोक्सवॅगनची बीटल अमेरिकेत विकायचे हक्क १९५०मध्ये त्याच्याकडे होते. त्या कासवछाप गाडीत त्याचं मन रमलं नाही आणि १९५३मध्ये त्यानं तिला सोडचिठ्ठी दिली. पुढे तीच बीटल अमेरिकेत लाखोंनी खपली! बीएमडब्ल्यूला त्यानं ‘५०७’ बनवायला लावली, पाच हजार डॉलरला विकू म्हणाला. गाडी देखणी झाली, पण किंमत जवळपास दुपटीवर गेली, जेमतेम अडीचशे बनल्या आणि कंपनी कर्जाच्या गाळात रुतली. त्याच बीएमडब्ल्यूला १९६८मध्ये ‘२००२’ ही छोटी चपळ गाडी अमेरिकेसाठी काढायला लावून त्यानं हिशेब चुकता केला, ही गोष्ट वेगळी.

तर असा हा माणूस. १९५४च्या सुमारास त्यानं राइट यांना पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या नव्या शोरूमचं काम दिलं. राइट तेव्हा ऐंशी ओलांडलेले आणि स्वतः गाड्यांचे पक्के शौकीन. मूळ बेत जॅग्वार मांडायचा होता, झेप घेणाऱ्या जॅग्वारचं शिल्पही आत ठेवायचं ठरलं होतं. १९५५मध्ये शोरूम तयार होईतो जॅग्वारशी संबंध तुटले आणि त्या चकतीवर दुसऱ्याच गाड्या चढल्या. जागा तशी लहान, एका ऑफिसच्या इमारतीच्या तळमजल्यावरची. पण आरसे, झाडं, फिरती चकती आणि ती वळणदार उतरण यांनी तिचं रूपच पालटून टाकलं. ही उतरण महत्त्वाची, कारण त्याच वर्षांत राइट न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाच्या नागमोडी उतरणीवर काम करत होते. तिथं माणसं चित्रं बघत खाली येतात, इथं माणसं गाडीभोवती फिरत वर जायची. या राइटना १९४६मध्ये गौतम साराभाईंनी अहमदाबादला कॅलिको मिल्सच्या दुकानाचं कामही दिलं होतं. ते बांधलं गेलं असतं तर आपल्याकडेही त्यांच्या हातचं एक दुकान असतं!

१९५७च्या सुमारास शोरूम मर्सिडीजच्या ताब्यात गेलं आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथं त्यांच्याच गाड्या विकल्या गेल्या. हॉफमननं बीएमडब्ल्यूचा धंदा १९७५मध्ये कंपनीला विकला. तो वारला १९८१मध्ये. शोरूम चालूच होतं. पुढे मर्सिडीजला मोठी जागा हवी झाली, तिनं शहराच्या पश्चिम टोकाला नवं शोरूम उभारलं, आणि २०१३च्या सुरुवातीला पार्क अ‍ॅव्हेन्यूवरची जागा रिकामी पडली.

मग जे झालं ते वाचून आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची आठवण येईल. न्यूयॉर्कमध्ये वारसावास्तू जपणारा आयोग १९६५पासून आहे. तिथं इमारतीचा केवळ अंतर्भागही वारसा म्हणून जाहीर करता येतो. मार्च २०१३मध्ये आयोगानं मालकांना कळवलं, की या शोरूमला तसा दर्जा देण्याचा विचार चालू आहे. पण नुसत्या विचाराला कायद्याचं संरक्षण नसतं. विषय रीतसर कामकाजात येईपर्यंत तोडकामाचा परवाना मिळू शकतो. मालकांनी काही दिवसांतच तो मिळवला आणि बातमी फुटेपर्यंत उतरण, चकती, सगळ्याचा भुगा झाला होता. वाचवायला निघालेल्यांच्या पत्रानंच हातोड्याला घाई झाली, असं म्हटलं तर मालकांना राग येईल, पण तारखा तेच सांगतात.

मालकांनी बेकायदा काहीच केलं नव्हतं. हळहळले ते वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, जुने मोटारवेडे आणि ज्यांनी तिथं कधी काहीच विकत घेतलं नाही असे रस्त्यावरचे लोक.

राइट यांनी हॉफमनसाठी आणखी एक वास्तू केली होती, न्यूयॉर्कजवळ राय गावी समुद्राकाठचं त्याचं राहतं घर. फीचा काही भाग म्हणून राइट यांनी दोन मर्सिडीज घेतल्या, असं सांगतात. ते घर मात्र आजही उभं आहे.