ताडोबाचा वाघ, लग्नाचा अल्बम आणि परवडणारा लॅपटॉप

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातील मोठे वनक्षेत्र असलेले जिल्हे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाला अंधारी अभयारण्याची जोड मिळाली आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. या जंगलाने देशोदेशीच्या छायाचित्रकारांना मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या प्रवेशद्वाराशी आणून उभे केले. आता त्यांच्या शेजारी स्थानिक तरुणही कॅमेरा घेऊन उभे राहू लागले आहेत. कुणी मार्गदर्शकाचे काम सांभाळून वाघ टिपतो, कुणाचा मूल, सिंदेवाही वा आरमोरीत छोटा स्टुडिओ आहे आणि लग्नसराईवर त्याचे घर चालते. कॅमेरा कसाबसा घेतला जातो. पुढचा प्रश्न असतो छायाचित्रांवर संस्कार करण्यासाठी लागणाऱ्या लॅपटॉपचा. पन्नास-साठ हजार रुपये ही अशा घरासाठी वर्षभराची बचत असते, आणि चुकलेली खरेदी पुढची चार-पाच वर्षे भोगावी लागते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे हिताचे.

काम किती, हे आधी मोजा

सकाळच्या एका सफारीत हजार-बाराशे छायाचित्रे सहज निघतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. म्हणजे एका सकाळचा ऐवज ३० जीबीच्या घरात जातो. लग्नाचे दोन दिवस धरले तर आकडा याहून मोठा होतो.

रॉ फाइलचा हट्ट का धरायचा, हेही लक्षात घ्यायला हवे. नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवल्या जातात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. पहाटेच्या अंधुक प्रकाशात बांबूच्या सावलीत बसलेला वाघ नंतर उजळायचा असेल, तर या जादा छटाच कामी येतात. वन्यजीव छायाचित्रणाच्या नामांकित स्पर्धाही अंतिम टप्प्यावर मूळ रॉ फाइल मागतात. जो छायाचित्रे केवळ व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्याला मोबाइल पुरेसा आहे, त्याने लॅपटॉपचा खर्च करू नये. ज्याला मोठी छापील प्रत, अल्बम किंवा स्पर्धा यांकडे जायचे आहे, त्याच्यासाठी पुढील विवेचन आहे.

सर्वांत आधी पडदा

बहुतेक ग्राहक प्रोसेसरचे नाव विचारतात आणि पडद्याकडे दुर्लक्ष करतात. छायाचित्रकारासाठी क्रम उलटा आहे. संथ यंत्रावर काम उशिरा होते, पण बरोबर होते. खोटे रंग दाखवणाऱ्या पडद्यावर मात्र कितीही वेगाने काम केले तरी ते चुकीचेच होते.

यामागील कारण सोपे आहे. इंटरनेट आणि छपाईची प्रयोगशाळा यांच्यासाठी जो सर्वसाधारण रंगपट गृहीत धरला जातो, त्याला एसआरजीबी म्हणतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असा उल्लेख असतो. त्याचा अर्थ हा पडदा एसआरजीबीतील जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवू शकतो. '७२ टक्के एनटीएससी' किंवा '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिले असेल तर रंगपट जवळपास पूर्ण समजावा. अपुऱ्या पडद्यावर वाघाचा नारिंगी रंग आणि नवरीचा लाल शालू फिका दिसतो. फिका दिसतो म्हणून आपण रंगांची तीव्रता वाढवतो. तीच फाइल छापून आली की वाघ भडक केशरी आणि हळद लावलेले चेहरे काविळीसारखे पिवळे दिसतात. ग्राहक अल्बम परत करतो आणि छपाईचा भुर्दंड स्टुडिओवर पडतो.

याउलट ओएलईडी प्रकारचे पडदे एसआरजीबीपेक्षा अधिक रंग दाखवतात. तेथे चित्र मुळातच रसरशीत भासते, आपण रंग उतरवतो आणि छापील प्रत निस्तेज होते. असा लॅपटॉप घेतल्यास त्याच्या सेटिंगमध्ये एसआरजीबीचा पर्याय आहे ना, हे पाहून तोच निवडावा.

पडदा आयपीएस किंवा ओएलईडी असावा. जुन्या टीएन पडद्यावर मान थोडी हलवली तरी उजेड बदलतो. उजळपणा किमान ३०० निट्स असावा. काम करताना मात्र तो पूर्ण ठेवू नये, अन्यथा चित्र पडद्यावर उजळ आणि कागदावर काळवंडलेले दिसते. रंगमापक उपकरणाने पडदा जुळवून घेता येतो. पण जे रंग दाखवण्याची पडद्याची क्षमताच नाही, ते कोणतेही उपकरण निर्माण करू शकत नाही.

दुकानात करावयाची परीक्षा

माहितीपत्रकावर विसंबून न राहता स्वतःची तीन छायाचित्रे पेनड्राइव्हवर घेऊन जावीत. पहिले वाळलेल्या सागपानांत बसलेल्या वाघाचे, दुसरे हळदीच्या समारंभाचे, तिसरे अस्वलाचे किंवा रानगव्याचे. यांच्या चांगल्या छापील प्रतीही सोबत न्याव्यात. पडदा आणि प्रत शेजारी ठेवून पाहावे. सागपानाचा तपकिरी आणि वाघाचा नारिंगी वेगळे ओळखू येतात का? हळदीच्या पिवळ्यात चेहऱ्याची त्वचा हरवते का? अस्वलाच्या काळ्या केसांत तपशील दिसतो की नुसता काळा डाग? या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

आतील यंत्रणा

स्मृती, म्हणजे रॅम, १६ जीबी असावी. ८ जीबीवर काम होते, पण अनेक थरांची फाइल किंवा पॅनोरमा उघडताच यंत्र रेंगाळते. हल्ली अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवायचा विचार असेल, तर मोकळा स्लॉट आहे याची खात्री करावी. २०२५ च्या अखेरीपासून स्मृतीचे भाव जगभर चढले आहेत, हेही हिशेबात धरावे.

साठवणीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी ही किमान गरज. प्रोसेसर अलीकडच्या पिढीतील इंटेल कोअर आय-५ किंवा रायझन ५ या दर्जाचा असला तरी पुरे. त्यावरचा दर्जा घेण्यासाठी लागणारे पैसे पडद्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे का? साधी रंगदुरुस्ती आणि कातरकाम यांना ते लागत नाही. मात्र कमी प्रकाशात वाढवलेल्या आयएसओमुळे चित्रावर दाणे येतात. ते काढण्यासाठी अॅडोबी लाइटरूममध्ये २०२३ साली आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सुविधा ग्राफिक्स कार्डावरच वेगाने चालते. कार्ड असेल तर काही सेकंद, नसेल तर एकेका चित्राला कित्येक मिनिटे, असा फरक पडतो. पहाट आणि तिन्हीसांजेला काम करणाऱ्या वन्यजीव छायाचित्रकाराला म्हणून कार्डाचा उपयोग आहे, लग्नाच्या छायाचित्रकाराला तितका नाही. येथे एक सापळाही आहे. खेळांसाठी बनवलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये कार्ड दमदार असते, पण पडदा बहुधा ४५ टक्केवालाच असतो. तसा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर दहा हजारांच्या आसपास मिळणारा, पूर्ण एसआरजीबी रंगपट असलेला आयपीएस मॉनिटर घरी जोडावा. काम बहुतांश एकाच जागी बसून होत असेल तर ही जोडी उत्तम ठरते.

उन्हाळा, वीज आणि अंतर

महानगरातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अनेक उत्पादक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यास सांगतात. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे अतिशय सडपातळ यंत्रापेक्षा मोठे पंखे व मोकळ्या जाळ्या असलेले थोडे जाड यंत्र या भागात अधिक टिकते. मोठे काम पहाटे किंवा रात्री करावे. कूलरचा दमट झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये. कोळसा खाणींच्या पट्ट्यात धूळ अधिक, तेथे वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्यावेत. उष्णतेने बॅटरीही लवकर क्षीण होते. ती ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये असते, ती चालू ठेवावी.

विजेचा दाब कमीजास्त होणाऱ्या गावांत अर्थिंगची तपासणी आणि सर्ज संरक्षक जोडणी यांवर केलेला खर्च वाया जात नाही. दुरुस्तीचे अंतर हा आणखी एक मुद्दा. भामरागड किंवा सिरोंच्याहून चंद्रपूर-नागपूर गाठण्यात अख्खा दिवस मोडतो. म्हणून घरी येऊन दुरुस्तीची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे खरेदीपूर्वी विचारून लेखी घ्यावे.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी इंटरनेटवरील साठवणीवर विसंबणे धोक्याचे. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या बाह्य डिस्कवर आणि शक्यतो दोन वेगळ्या घरांत असाव्यात. लॅपटॉप पुन्हा घेता येतो, गेलेला क्षण नाही.

मोफत सॉफ्टवेअर आणि जुना लॅपटॉप

मासिक वर्गणीचे सॉफ्टवेअर अधूनमधून इंटरनेटशी जोडणी मागते आणि तीन-चार वर्षांत त्याची एकूण रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होते. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाइलवर काम करणारी, तर गिम्प हे चित्रदुरुस्तीचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जोडणीशिवाय चालते. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकाला विनामूल्य मिळते. शिकायला काही आठवडे द्यावे लागतील, पण चोरीच्या प्रतीतून येणाऱ्या विषाणूने अल्बम गमावण्यापेक्षा ते बरे.

अंदाजपत्रक तीस हजारांच्या आत असेल तर कार्यालयीन वापरातील नूतनीकृत थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक यांचा विचार करता येईल. ही यंत्रे मजबूत असतात. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे यंत्र लिनक्स वापरण्याची तयारी असेल तरच घ्यावे. पडद्याची परीक्षा येथेही चुकवू नये. जीएसटीचे पक्के बिल आणि लेखी हमी नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

पैशांची वाटणी

साठ हजार हाती असतील तर ते सगळे लॅपटॉपवर घालवू नयेत. साधारण अठ्ठेचाळीस ते पन्नास हजार लॅपटॉपसाठी आणि उरलेली रक्कम बाह्य डिस्क, सर्ज संरक्षक व काही चाचणी छपाईसाठी राखून ठेवावी. मॉनिटर जोडायचा असेल तर लॅपटॉपचा वाटा चाळीस हजारांपर्यंत खाली आणावा. निवडीचा क्रम पडदा, रॅम, साठवण, दुरुस्तीची सोय आणि मग प्रोसेसर असा ठेवावा. ग्राफिक्स कार्डाचा विचार कामाच्या स्वरूपानुसार सर्वांत शेवटी.

वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि त्यांच्याच आधारे व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून एकेक वाघ ओळखला जातो. जंगलालगतच्या तरुणाने टिपलेले, रंग-तपशील न बिघडवता जपलेले छायाचित्रही असाच एक दस्तऐवज ठरू शकतो. लग्नाच्या अल्बमचे मोलही त्या घरासाठी कमी नसते. यंत्र परवडणारे असावेच, पण आधी ते खरे दाखवणारे असावे.