आधी फाटक मोजा, मग लोडर घ्या
घरगुती झाडतोडीसाठी छोटे यंत्र निवडताना

पावसाळा तोंडावर आला की नगरमध्ये लाकडाचा धंदा करणाऱ्यांकडे माणसे येऊ लागतात. सावेडी असो, केडगाव असो, मुकुंदनगर असो की भिंगार, कोणाचा गुलमोहर भिंतीवर कललेला असतो, कोणाच्या सुबाभळीच्या फांद्या विजेच्या तारांना लागलेल्या असतात, तर कोणाच्या कडुनिंबाच्या मुळांनी पाण्याची टाकी फोडलेली असते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. काम मात्र तेच आहे. झाड उतरवायचे, तुकडे करायचे आणि घरमालकाचे काही न मोडता लाकूड बाहेर काढायचे.

यातील पहिले काम आता सोपे झाले आहे. चेन सॉ आल्यापासून दिवसाचे काम दोन तासांत होते. अडचण दुसऱ्या कामात आहे. तोडलेला ओंडका मागच्या अंगणातून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत न्यायचा कसा? आजही चार-सहा माणसे दोर आणि बल्ली लावून तो ओढतात. कोणाची कंबर जाते, कोणाचे बोट चेंगरते. माणसेही पूर्वीसारखी मिळत नाहीत. म्हणूनच वखारवाले आणि झाडतोडीचे ठेकेदार आता छोटे लोडर घ्यावे का, असा विचार करू लागले आहेत. विचार चांगला आहे, परंतु घाईने घेतलेले यंत्र फाटकाबाहेरच उभे राहते आणि त्याचा खर्च मात्र रोज चालू राहतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी नीट पाहाव्यात.

जेसीबी का चालत नाही?

आपल्याकडे माती उचलणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला 'जेसीबी' म्हणतात. पुढे बकेट आणि मागे खोदण्याचा हात असलेल्या या यंत्राचे वजन साडेसात टनांच्या आसपास असते आणि रुंदी सात फुटांहून जास्त. मोकळ्या प्लॉटवर त्याच्यासारखे दुसरे यंत्र नाही. पण बंगल्याच्या फाटकातून ते आत जात नाही, आणि गेले तरी अंगणातील फरशी, सांडपाण्याची पाइपलाइन व जमिनीखालच्या टाकीचा स्लॅब वाचेल याची खात्री देता येत नाही. झाड तोडण्याची मजुरी किती आणि टाकीचा स्लॅब नव्याने घालून देण्याचा खर्च किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

छोट्या लोडरचा जन्म याच अडचणीतून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या भावांचे छोटे वर्कशॉप होते. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या दुमजली गोठ्याच्या वरच्या मजल्यावरील घाण काढायची होती. यंत्र हलके हवे होते आणि खांबांच्या मधून वळणारे हवे होते. केलर भावांनी १९५७ मध्ये त्याला तीन चाकांचा छोटा लोडर बनवून दिला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला, १९६० मध्ये चार चाकांचे यंत्र आले आणि १९६२ पासून त्याला 'बॉबकॅट' हे नाव मिळाले. जगभर पसरलेले हे यंत्र वर्कशॉपमधील दोन कारागिरांच्या हातून घडले, ही गोष्ट आपल्या वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाल्या बांधवांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या भावांनी सुरुवात गिऱ्हाइकाच्या जागेपासून केली, यंत्रापासून नाही.

पहिले माप फाटकाचे

गेल्या वर्षी केलेली वीस-पंचवीस घरगुती कामे आठवा आणि वहीत लिहा. फाटक किती फुटांचे होते? घराच्या बाजूची बोळ किती रुंद होती? झाड पुढे होते की मागे? बहुतेक कामे तीन-साडेतीन फुटांच्या बोळीतून जाणारी निघाली, तर साडेपाच फुटी यंत्र कितीही मजबूत असले तरी आपल्या कामाचे नाही. उलट कामे शाळा, मंगल कार्यालये आणि कारखान्यांच्या आवारातील असतील, तर अगदी छोटे यंत्र तुमचा वेळ खाईल.

साधारणपणे पर्याय असे आहेत. स्किड स्टिअर लोडरमध्ये एका बाजूची चाके एकत्र फिरतात आणि दोन्ही बाजूंच्या वेगातील फरकाने यंत्र जागच्या जागी वळते. त्यातील मधल्या आकाराच्या यंत्राची रुंदी साडेपाच ते सहा फूट आणि वजन तीन टनांच्या आसपास असते. सर्वात लहान तीन फूट रुंदीचे आणि सव्वा टनाच्या आसपास वजनाचे मिळते. ते साधारण साडेतीनशे किलो उचलते. त्याहून लहान यंत्रावर चालक मागे फळीवर उभा राहतो. अशी बरीच यंत्रे रबरी पट्ट्यांवर चालतात. तिसरा प्रकार मधोमध सांधा असलेल्या, कमरेत वळणाऱ्या लोडरचा. चौथा पर्याय आपल्या ओळखीचा, म्हणजे डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागेत चालणारा अरुंद मिनी ट्रॅक्टर.

फरशीचाही विचार करावा. स्किड स्टिअर वळताना चाके घासतात. मातीवर त्याचे काही वाटत नाही, पण पेव्हर ब्लॉक आणि हिरवळ उखडते. रबरी पट्ट्यांमुळे वजन पसरते आणि ओल्या काळ्या मातीत यंत्र कमी रुतते, परंतु जागेवर वळताना पट्ट्याही घासतातच. कमरेत वळणारा लोडर या बाबतीत सर्वात सौम्य आहे. यंत्र कोणतेही असो, वाटेवर जाड प्लायवुडचे तक्ते टाकावेत. आणि पाण्याची टाकी व सेप्टिक टँक कोठे आहे हे घरमालकाला विचारून खडूने आखून घ्यावे. स्लॅबवरून यंत्र नेऊ नये.

दुसरे माप ओंडक्याचे

वखारवाल्यांना लाकूड मोजायला शिकवावे लागत नाही. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि लांबीने गुणायचे, की घनफूट निघाले. मात्र या मापात खरे लाकूड कमी दिसते. गोल ओंडक्यात प्रत्यक्षात त्याच्या सव्वापटीहून थोडे जास्त लाकूड असते. सौद्यात हे चालते, पण यंत्र उचलताना चालत नाही. शिवाय ताजे तोडलेले लाकूड पाण्याने भरलेले असते. त्याचे वजन घनफुटाला सरासरी २८ किलो, म्हणजे पाण्याइतकेच धरावे.

उदाहरण घेऊ. ४ फूट घेराचा आणि ६ फूट लांबीचा ओंडका आपल्या मापाने ६ घनफूट भरतो. प्रत्यक्षात तो साडेसात घनफुटांच्या वर असतो, म्हणजे वजन सुमारे २१५ किलो. आता ६ फूट घेराचा, ८ फूट लांबीचा बुंधा घ्या. आपल्या मापाने १८ घनफूट, प्रत्यक्षात जवळजवळ २३, आणि वजन ६४० किलोच्या आसपास. साडेतीनशे किलोच्या यंत्राला हा बुंधा उचलत नाही. पण तोच बुंधा ४-४ फुटांचे दोन तुकडे करून नेला तर एकेक ३२० किलोचा होतो आणि जेमतेम जमते. मात्र ८ फुटांच्या लाकडाला फळ्यांसाठी जो भाव मिळतो, तो ४ फुटी तुकड्याला मिळत नाही. म्हणजे लहान यंत्र घेतले तर काही लाकूड जळणाच्या भावात जाणार, हा तोटाही हिशेबात धरावा. ज्यांचा माल बेकरीच्या भट्टीत आणि जळणातच जातो, त्यांना या तोट्याची चिंता नाही.

कंपनीच्या पत्रकावरचा आकडाही नीट वाचावा. यंत्र ज्या वजनाला पुढे कलंडते, त्याच्या निम्मे वजन चाकांच्या लोडरची क्षमता म्हणून देतात. पट्ट्यांच्या लोडरला बहुधा ३५ टक्केच धरतात. कलंडण्याचे वजन १,००० किलो असेल तर एकाची क्षमता ५०० आणि दुसऱ्याची ३५० लिहिलेली दिसेल. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा, "हा आकडा किती टक्क्यांचा आहे?" शिवाय ही क्षमता साध्या बकेटवर मोजलेली असते. लाकडासाठी बकेट नव्हे, चिमटा लागतो. तो बकेटपेक्षा जितका जड, तितके वजन क्षमतेतून वजा करावे. ओंडका जितका पुढे लटकेल, तितके यंत्र लवकर कलंडते, हेही विसरू नये.

तिसरे माप खर्चाचे

यंत्राची किंमत विचारणारे पुष्कळ असतात, दिवसाची किंमत काढणारे थोडे. समजा, यंत्र १२ लाखांना घेतले आणि पाच वर्षांनी ५ लाखांना विकले. घसारा वर्षाला १ लाख ४० हजार. चालकाचा पगार १ लाख ८० हजार आणि विमा, टायर, दुरुस्ती मिळून ६० हजार धरू. एकूण ३ लाख ८० हजार. वर्षात १०० दिवस काम मिळाले तर डिझेल सोडून दिवसाला ३,८०० रुपये पडतात. २०० दिवस मिळाले तर १,९००. आकडे समजण्यापुरते आहेत. आपापले घालून पाहावेत. कामाचे दिवस किती, यावरच सारे अवलंबून आहे. झाडतोडीची घाई दोन-तीन महिन्यांची असते. उरलेले महिने विटा, वाळू, राडारोडा उचलण्याचे काम हाती असेल, तरच यंत्र घरचे असावे.

ने-आणीचाही खर्च आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा. आज नगर, उद्या श्रीरामपूर, परवा संगमनेर अशी कामे असली, तर सव्वा टनाचे यंत्र मोठ्या पिकअपवर जाते, तीन टनांच्या यंत्राला ट्रक लागतो. यंत्र स्वतः रस्त्यावर चालवायचे असेल तर आरटीओची नोंदणी, विमा आणि चालकाचा योग्य परवाना हवा.

सुट्या भागांची चौकशी आधी करावी. हायड्रॉलिकची नळी फुटली तर ती नगरला बनते का? फिल्टर पुण्याहून किती दिवसांत येतो? स्वस्त मिळालेले परदेशी जुने यंत्र एका सीलसाठी ऐन मोसमात महिनाभर बंद पडले, तर ते स्वस्त राहत नाही.

भांडवल कमी असेल, किंवा व्याजाचे कर्ज नको असेल, तर दोघा-तिघांनी भागीत यंत्र घ्यावे. मात्र कोणाचे दिवस कोणते, मोडतोड कोणाच्या माथी आणि भाग सोडायचा झाल्यास रक्कम कशी ठरणार, हे पहिल्या दिवशीच लेखी करावे. तोंडी भागी पहिल्या मोठ्या दुरुस्तीलाच तुटते. तेही शक्य नसेल तर एक मोसम भाड्याच्या यंत्रावर काढावा. आणि ज्यांची कामे अगदी अरुंद बोळींतली आहेत, त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची लोखंडी कमान करून घ्यावी. ओंडक्याचे पुढचे टोक साखळीने कमानीला टांगले की मागचे टोक जमिनीवर ठेवून दोन-तीन माणसे तो ओढून नेतात. त्याला ना डिझेल लागते ना चालक.

कागद हातात, मगच यंत्र दारात

शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. झाड आपल्याच अंगणातले असले तरी हा नियम लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे व त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते, म्हणून जुन्या वाड्यातील आणि वसाहतीतील झाडांबाबत अधिक जपावे. ग्रामीण भागात काही ठराविक जातींच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू होतो. परवानगी घरमालक काढणार असला तरी तिची प्रत आपल्या खिशात असावी. तारांजवळचे काम असेल तर महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा.

शेवटी चालकाबद्दल. ओंडका जमिनीलगत ठेवूनच यंत्र चालवावे. उतारावर जड बाजू वरच्या अंगाला ठेवावी. उचललेल्या हाताखाली कोणालाही उभे राहू देऊ नये. यंत्र माणसाची कंबर वाचवण्यासाठी घ्यायचे आहे, त्याच्या जिवावर उठण्यासाठी नाही.

तेव्हा शोरूममध्ये जाण्यापूर्वी मोजपट्टी आणि वही घेऊन आपल्या मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांच्या दारी एक फेरी मारावी. फाटक, ओंडका आणि कामाचे दिवस हे तीन आकडे वहीत आले की कोणते यंत्र घ्यावे, किंवा यंदा घेऊच नये, हे विक्रेत्याला विचारण्याची गरज उरणार नाही.