दुबईला निघताना डब्यात काय आहे?

मुलगा किंवा लेक दुबईत नोकरीला, आणि आईवडील दिवाळीला पहिल्यांदाच तिकडे निघालेले. तिकीट आणि व्हिसा मुलं काढून देतात. फराळ मात्र घरी बांधला जातो, आणि खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अफूच्याच झाडाचं ते बी असल्यामुळे तिथला कायदा तिला अमली पदार्थ मानतो. अनारसे खसखशीवर थापलेले असतात, करंजीच्या सारणात आणि काही घरगुती मसाल्यांतही ती असते. म्हणून अनारसे घरीच ठेवा आणि करंजीचं सारण खसखशीशिवाय करा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ नका. त्यांतल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी इथे डॉक्टर सहज लिहून देतात, पण तिथे ती नियंत्रित यादीत आहे आणि आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, आणि हे सगळं हातातल्या पिशवीत असू द्या. पॉवर बँकही तिथेच, मोठ्या बॅगेत नाही.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. ती आजच पाहा, कारण नूतनीकरणाला वेळ लागतो.