आंबटपणा गेला, गुण राहिला

व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचा. पुष्कळदा तिच्यावर दोन नावं छापलेली असतात : ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि सोडियम ॲस्कॉर्बेट. मी झाशीत महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे इथल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला गेले तरी कुणीतरी विचारतंच, "काकू, जीवनसत्त्व एकच, मग नावं दोन कशाला?"

उत्तर मी मुलांना प्रयोगशाळेत करून दाखवते. पाण्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड विरघळवायचं आणि त्यात खायचा सोडा चिमटी-चिमटीने घालायचा. वजनाने दोन भाग आम्लाला साधारण एक भाग सोडा लागतो. फसफस होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार. आम्लाचं द्रावण लिंबाच्या रसाइतकं आंबट असतं; क्षाराचं जवळजवळ उदासीन, सामू सातच्या आसपास. मग दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकायचे. तपकिरी रंग दोन्हीकडे नाहीसा होतो. आंबटपणा गेला, तरी दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देण्याची ताकद शाबूत राहते, आणि क जीवनसत्त्वाचं सारं काम त्या ताकदीवर चालतं.

शंभर मिलिलिटर पाण्यात आम्ल ३३ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, क्षार ६२ ग्रॅमपर्यंत. मात्र हे द्रावण टिकाऊ नाही. हवा, उजेड आणि तांब्या-लोखंडाचा अंश लागला की ते पिवळं पडतं. झाशीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा आदल्या दिवशीच्या द्रावणावर मी विसंबत नाही. बाटली तपकिरी काचेची, द्रावण रोजच्या रोज ताजं.

संशोधनात या क्षाराला मोठा मान आहे. शरीराबाहेर पेशी वाढवताना बशीतलं पाणी आंबट होऊन चालत नाही, म्हणून तिथे क्षार सोयीचा. कोलॅजन हे प्रथिन घट्ट विणलं जाण्यासाठी लोहावर चालणारी विकरं लागतात आणि ॲस्कॉर्बेट त्यांतलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवतं. ते कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, तोच स्कर्व्ही. पेशींच्या ३७ अंशांच्या उबेत साधं ॲस्कॉर्बेट काही तासांतच ओसरतं. त्यासाठी फॉस्फेट जोडलेला मॅग्नेशियम क्षार वापरतात. पेशींची विकरं फॉस्फेट तोडून जीवनसत्त्व हळूहळू मोकळं करतात.

दुसरा उपयोग मोरचुदाच्या सोबतीने होतो. मोरचुदातल्या तांब्याला हा क्षार एक इलेक्ट्रॉन देतो आणि ते तांबं दोन रेणू नेमके जोडून देतं. २००२ साली पुढे आलेल्या या 'क्लिक' रसायनासाठी बॅरी शार्पलेस आणि मॉर्टेन मेल्डाल यांना २०२२ चं नोबेल कॅरोलिन बर्टोझी यांच्यासोबत विभागून मिळालं.

पण प्रयोगशाळेतला मान पाहून हे रामबाण औषध समजू नका. २०२२ मध्येच अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या रुग्णांवर झालेल्या 'लोव्हिट' चाचणीत, शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण जास्त आढळलं. शिवाय एक ग्रॅम क्षारात ८८९ मिलिग्रॅम जीवनसत्त्वाबरोबर ११६ मिलिग्रॅम सोडियम येतं. पेल्यात फसफसणाऱ्या गोळीतही सोडा असतोच. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडायलाच हवा. मोठ्या मात्रेने मुतखड्याचाही धोका वाढतो.

रोजची गरज तरी किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम सांगितलं आहे. एका ताज्या आवळ्यात ती जवळपास भागते. बुंदेलखंडाच्या कोरड्या जमिनीला आवळा मानवतो. झाशीच्या केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने आवळ्याच्या झाडांमधून पिकं घेण्याच्या पद्धतींवर काम केलं आहे. इथली मराठी कुटुंबं कार्तिकात आवळीभोजन करतात, मोरावळा मुरवतात. मोरावळा जरूर खा, पण शिजवताना जीवनसत्त्व घटतं, म्हणून हंगामात कच्चा आवळाही पानात असू द्या. हंगाम सरला की पेरू. गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या, आणि घेताना पट्टीवरचं 'सोडियम' हे नाव वाचून घ्या.